वय विचारणे हा अपमान आहे काय?

निवडणूक आली की आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरापुढे गाड्या थांबू लागतात. उमेदवार हात जोडून उतरतो. आपण त्याला नळाचे विचारतो, गटाराचे विचारतो, घरकुलाचा हप्ता कोठे अडला ते विचारतो. विचारलेच पाहिजे. पण एखाद्या बाईने उभे राहून "साहेब, आपले वय काय?" असे विचारले तर काय होईल? बसलेले लोक हसतील. कार्यकर्ते डोळे वटारतील. बाहेर आल्यावर शेजारीण म्हणेल, "बाई गं, असे कोणी विचारते का? सोयरीक जुळवायची आहे का तुला?"

त्या बाईचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही असे मला वाटते. जो माणूस पाच वर्षे आपल्या वतीने बोलणार, आपल्या वतीने कायद्याला हात वर करणार, त्याचे वय आपल्याला कळले पाहिजे की नको? ते सांगणे त्याचे कर्तव्य आहे, की ती त्याची खाजगी बाब आहे? या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू.

वय सांगू नये असे म्हणणारांचे बरेच मुद्दे हलके आहेत. "वयाचे काय, काम बघा", "मन तरुण पाहिजे" वगैरे. ही भाषणातली वाक्ये आहेत, ती बाजूला ठेवू. पण एक आक्षेप असा आहे की तो आपल्यातलीच शिकलेली, विचार करणारी मंडळी घेतात, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ते म्हणतात: जन्मावरून माणूस मोजायचा नाही हे ठरवूनच आपण जुने घर सोडले. "तू कोणाच्या पोटी जन्मलास?" हा प्रश्न ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला विचारला, त्यांना उत्तर देणे आपण नाकारले. मग "तू केव्हा जन्मलास?" हे दुसऱ्याला विचारायला आपण कोण? कूळही माणसाच्या हातात नाही आणि जन्माचे सालही त्याच्या हातात नाही. ज्या गोष्टीत माणसाचे काही कर्तृत्व नाही, ती चव्हाट्यावर मांडायला लावणे हा अन्यायच नव्हे काय?

आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर मी थोड्या वेळाने देईन. आधी आज व्यवहार काय आहे ते पाहू, कारण अनेक घरांतून याची नीट माहिती नसते.

घटना समितीत मे १९४९ मध्ये संसद सदस्याच्या पात्रतेचे कलम चर्चेला आले. ते मांडले बाबासाहेबांनी. मतदार होण्याला त्या वेळी २१ वर्षे पुरेशी होती. पण कायदेमंडळात जाऊन बसणाऱ्याच्या अंगी मतदाराहून काही अधिक पात्रता असावी, त्याला जगाच्या व्यवहाराचा काही अनुभव असावा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून लोकसभेसाठी २५ वर्षे आणि वरच्या सभागृहासाठी ३५ वर्षे असा मसुदा होता. दुर्गाबाईंनी (पुढे त्या दुर्गाबाई देशमुख म्हणून प्रसिद्ध झाल्या) ३५ ची ३० करावी अशी उपसूचना मांडली आणि ती मान्य झाली. म्हणून आज लोकसभेला आणि विधानसभेला २५, राज्यसभेला आणि विधान परिषदेला ३०, राष्ट्रपतीला ३५ वर्षे लागतात. ७३ व्या घटना दुरुस्तीने, १९९३ पासून, ग्रामपंचायतीला २१ वर्षे पुरतात. मतदाराचे वय १९८९ मध्ये १८ वर आले. उमेदवाराचे मात्र जिथल्या तिथे राहिले.

यातून एक गोष्ट सरळ निघते. घटनेने ज्या गोष्टीला पात्रता म्हटले, ती गोष्ट खाजगी राहू शकत नाही. वाहन चालवणाऱ्याने परवाना खिशात ठेवावा, पण "दाखव" म्हटल्यावर "ही माझी खाजगी बाब" असे म्हणता येत नाही. पात्रता आहे की नाही हे पाहण्याचा हक्क, ज्याच्यासाठी ती घातली, त्याचा आहे. तो म्हणजे मतदार.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये निर्णय दिले की उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हापासून उमेदवाराला नामनिर्देशनाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सारे असते, आणि अगदी सुरुवातीच्या ओळीत नावापाठोपाठ वय असते. हे शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत सूचना फलकावर लावतात, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही टाकतात. खोटे लिहिले किंवा लपवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. म्हणजे वय सांगावे की नाही, हा वाद कायद्याने एका परीने मिटवलेला आहे. पण कागदावर लिहिणे वेगळे आणि माणसाला सांगणे वेगळे. फलकावर चिकटवलेला तो कागद आपल्यापैकी कितीजणांनी वाचला आहे? शिवाय त्यात लिहायचे ते नुसते "वय अमुक वर्षे". जन्मतारीख त्या ओळीत विचारलेलीच नाही. मग एकदा ५८ लिहावे आणि पाच वर्षांनी ६१ लिहावे, कोणी जोडून पाहिले तरच सापडायचे.

आता उलट बाजू पाहा. मतदानाच्या दिवशी केंद्रात पक्षांचे प्रतिनिधी मतदार यादी उघडून बसतात. त्या यादीत तुमचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, लिंग आणि वय छापलेले असते. बाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोरांना सुद्धा तुमचे वय ठाऊक असते. श्रावणबाळ योजनेचे पैसे हवे असतील तर म्हाताऱ्या आईला ६५ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा तहसील कचेरीत द्यावा लागतो. नसेल तर सरकारी डॉक्टरांचा दाखला आणावा लागतो. ती उन्हात रांगेत उभी राहते. मूल शाळेत घालायचे तर वय सांगा, रेशनकार्डावर नाव चढवायचे तर वय सांगा, नोकरीचा अर्ज करायचा तर वय सांगा. गरिबाचे वय पदोपदी तपासले जाते आणि त्याला कोणी अपमान म्हणत नाही. ज्याला सत्ता हवी आहे त्याला विचारले की मात्र तो उद्धटपणा होतो! हा न्याय कोणता?

वर सांगितलेली कैदेची आणि दंडाची भीती असताना सुद्धा फसगत होते, आणि कायद्याची चाल किती मंद आहे, याचा एक अलीकडचा दाखला देतो. उत्तर प्रदेशात स्वार नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. २०१७ मध्ये तेथून अब्दुल्ला आझम खान निवडून आले. शाळेच्या नोंदीत त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९९३ होती. ते सांगत होते ती तारीख १९९० सालची. प्रकरण न्यायालयात गेले. अर्ज भरताना त्यांना २५ वर्षे पूर्ण नव्हती असे ठरवून अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये कायम केला. तोपर्यंत त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. मधल्या काळात, २०२२ च्या निवडणुकीत, त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. आता वयाची अडचण उरली नव्हती. म्हणजे त्या मतदारांना तरुण माणूस नको होता असे मुळीच नाही. पण २०१७ मध्ये ज्यांनी मत दिले त्यांच्या मताचे काय झाले? अडीच-तीन वर्षांनी त्यांचा आमदार आमदार नव्हता, आणि तो कोणाच्या चुकीने नव्हता हे त्यांना वर्तमानपत्रातून वाचावे लागले.

आता त्या आक्षेपाकडे येतो.

विनयपिटकातील महावग्गात उपसंपदेचा विधी सांगितला आहे. जो भिक्षू होऊ इच्छितो त्याला संघासमोर काही प्रश्न विचारतात. तुला अमुक अमुक रोग आहेत काय? तू स्वतंत्र आहेस ना, कोणाचा दास नाहीस ना? तुझ्यावर कर्ज नाही ना? तू राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईबापांची अनुमती आहे ना? आणि, तुझी वीस वर्षे पूर्ण झाली आहेत ना? नाव काय, उपाध्याय कोण, हेही विचारतात. ही सगळी यादी पुन्हा एकदा मनात वाचा. तिच्यात वय आहे. तिच्यात वर्ण नाही, जात नाही, कूळ नाही.

ज्यांनी ही यादी केली त्यांना "कोणाच्या पोटी" आणि "केव्हा" यांतला फरक चांगला कळत होता. जात माणसाला दुसऱ्या माणसापासून तोडते. ती एकाला वर आणि एकाला खाली बसवते, आणि तो खाली बसलेला मरेपर्यंत खालीच राहतो. वय असे नाही. आज वीस असलेला उद्या साठ होणार आहे. राजाचे केस पिकतात आणि झाडूवाल्याचेही पिकतात. जरा कोणाचीही जात पाहून येत नाही. ज्या गोष्टीत सगळी माणसे सारखी आहेत ती सांगण्यात कोणाचा अपमान होणार? म्हणून मी म्हणतो की कूळ विचारणाऱ्याला आपण जे उत्तर नाकारले, ते नाकारूनही वय विचारण्याचा आपला हक्क शाबूत राहतो.

पण वीसच वर्षे का? त्याची कथा विनयात आहे आणि ती आपल्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. राजगृहात सतरा मुलांचा एक गट होता. त्यांच्यातल्या एकाच्या आईबापांनी विचार केला की लिहायला शिकवले तर पोराची बोटे दुखतील, हिशेब शिकवला तर छाती दुखेल, चित्रकाम शिकवले तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्षू झाला तर सुखाने जेवेल आणि झोपेल. पोराने ते ऐकले, सोबत्यांना सांगितले आणि सतराही जण भिक्षू झाले. रात्र सरत आली तशी ती पोरे भुकेने उठून रडू लागली, पेज मागू लागली. तो आवाज भगवंतांच्या कानी गेला. वीस वर्षांखालच्या माणसाला थंडी, ऊन, भूक, तहान, कठोर शब्द सोसण्याची ताकद नसते, म्हणून त्याला उपसंपदा देऊ नये, असा नियम तेव्हा झाला.

म्हणजे वयाचा नियम हा पेलण्याचा नियम आहे. पद पेलेल की नाही, एवढाच त्यामागचा प्रश्न. आणि त्या नियमात दोष कोणाला लावला आहे तेही बघा. माहीत असून वीस वर्षांखालच्याला उपसंपदा दिली, तर ती उपसंपदा होतच नाही, आणि दोष लागतो देणाऱ्या भिक्षूंना. माहीत नसताना दिली तर तेवढा दोष लागत नाही. पोराला कोणी दोषी ठरवीत नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर तिकीट देणारा पक्ष आधी जबाबदार. उमेदवाराचे खरे वय पक्षाच्या जिल्हाध्यक्षाला बहुधा माहीत असते. नेते थकले आहेत, सभागृहात बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो, हेही त्याला माहीत असते. तरी तो वीस वर्षांपूर्वीचा काळ्याभोर केसांचा फोटो फलकावर छापतो. (मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेवर २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्र असते आणि ते अधिसूचनेच्या आधीच्या तीन महिन्यांत काढलेले असावे असा आयोगाचा दंडक आहे. चौकातल्या फलकाला मात्र असा दंडक नाही. त्यामुळे कित्येकदा फलकावर एक माणूस असतो आणि यंत्रावर त्याचे वडील असावेत तसा दुसरा!)

आणखी एक गोष्ट महावग्गात आहे. हे प्रश्न एकदम भर संघात विचारले की नवी माणसे बावरत, लाजत, त्यांना उत्तर देता येत नसे. तेव्हा असे ठरले की आधी त्यांना बाजूला घेऊन सगळे नीट समजावून सांगावे आणि मग संघासमोर विचारावे. लाज वाटते म्हणून प्रश्न काढून टाकला नाही. प्रश्न ठेवला आणि माणसाला धीर दिला. मला यातली समज फार मोलाची वाटते. आपणही उमेदवाराला तोंडघशी पाडण्यासाठी वय विचारायचे नाही.

येथे कोणी म्हणेल की खालची मर्यादा ठीक आहे, ती घटनेत आहे. पण भांडण खरे वरच्या वयाचे आहे, आणि वर तर काही मर्यादाच नाही. मग ७८ आहेत की ८४ हे सांगून काय उपयोग? ही गोष्ट खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो, उच्च न्यायालयाचा ६२ व्या वर्षी. आमदार-खासदाराला निवृत्तीचे वय नाही, आणि माझ्या मते ते नसावेही. नोकराला सरकार निवृत्त करते. प्रतिनिधीला मतदारच निवृत्त करू शकतो. पण म्हणूनच मतदाराला वय कळण्याची गरज वाढते. जेथे कायद्याची रेघ नाही तेथे रेघ ओढण्याचे काम मतदाराच्या विवेकाकडे आले. त्या विवेकाला खोटा आकडा पुरवणे म्हणजे आंधळ्याला चुकीची वाट दाखवण्यासारखे आहे.

आणि वय कळले म्हणजे लोक म्हाताऱ्याला पाडतातच, ही भीतीही पोकळ आहे. मोरारजी देसाई मार्च १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते, आणि ते सर्वांना माहीत होते. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, त्यामुळे चार वर्षांनी एकदा येणाऱ्या त्यांच्या वाढदिवसाची थट्टाही होत असे. केरळात व्ही. एस. अच्युतानंदन २००६ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ८२ वर्षांचे होते. उलट आपल्या महाराष्ट्रात १९७८ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांना ३८ वर्षेही पूर्ण नव्हती. यांपैकी कोणाचे वय झाकलेले नव्हते. लोकांनी म्हातारा पाहून सोडला नाही आणि तरुण पाहूनही सोडला नाही. मग लपवण्याची धडपड कोणासाठी? बहुतेक वेळा ती मतदारासाठी नसतेच. ती असते आरशासाठी, आणि पक्षातल्या त्या दुसऱ्यासाठी, जो खुर्ची कधी रिकामी होते याची वाट पाहत उभा आहे.

मात्र आकडा कळला म्हणजे सारे कळले असेही मानू नका. परदेशातली दोन उदाहरणे यासाठीच देतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आले तेव्हा ६२ वर्षांचे होते. हे काही फार वय नव्हे. पण त्यांचे हृदय दुबळे झाले आहे हे डॉक्टरांना माहीत होते आणि मतदारांना माहीत नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि एप्रिलमध्ये ते वारले. दुसरे उदाहरण २०२४ चे. अध्यक्ष बायडेन ८१ वर्षांचे आहेत हे साऱ्या जगाला ठाऊक होते. पण ते किती थकले आहेत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले ते जून महिन्यातल्या एका जाहीर वादविवादात, आणि पुढच्याच महिन्यात त्यांना उमेदवारी सोडावी लागली. पहिल्या वेळी वय सांगूनही आजार झाकला गेला, दुसऱ्या वेळी वय सांगूनही थकवा झाकला गेला. म्हणून वय विचारणे ही सुरुवात समजा. वय कळले की पुढचा प्रश्न आपोआप विचारता येतो: गेल्या वर्षात सभागृहात किती दिवस बसलात? किती प्रश्न विचारलेत? गावात स्वतः किती वेळा आलात आणि पुतण्याला किती वेळा पाठवलेत?

बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला उभे राहिले तेव्हा ६५ वर्षांचे होते. मधुमेहाने शरीर खंगले होते, हातात काठी होती. लाखो लोकांनी ते तसेच पाहिले. तथागतांनीही ऐंशीव्या वर्षी आपल्या शरीराची झीज आनंदापासून लपवली नव्हती. ज्यांच्या मागे माणसे जातात त्यांनी आपले थकणे लोकांना पाहू द्यावे, यात कमीपणा कसला?

आता मतदाराच्या पदरातही काही घालतो, कारण हक्क मागणाऱ्याने तो कसा वापरणार हेही सांगितले पाहिजे. आपण वयाचा दगड करून मारतो, ही आपली खोड आहे. आणि तो दगड जास्त करून बाईला बसतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. पंचविशीतली सून सरपंच झाली की पारावरची मंडळी म्हणतात, "पोर आहे, तिला काय कळते?" पंचावन्न वर्षांची बाई उभी राहिली की म्हणतात, "आता नातवंडे सांभाळावीत." मग बाईचे योग्य वय कोणते? पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो पंचविशीत "तडफदार" असतो आणि सत्तरीत "अनुभवी". असे असेल तर एखादी बाई वय सांगायला कचरते यात तिचा दोष कमी आणि आपला जास्त. वय विचारायचे असेल तर सर्वांना एकाच तोंडाने विचारा, आणि उत्तर ऐकून हसू नका. ज्या ग्रामसभेत बाईच्या वयावर खसखस पिकते त्या ग्रामसभेला आमदाराचे वय विचारण्याचा तोरा शोभत नाही.

शेवटचा प्रश्न आपल्या घरातला आहे. ज्याला स्वतःचे वय ठाऊकच नाही त्याने काय सांगावे?

आपल्या वस्त्यांत हा प्रश्न खोटा नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावच्या कोतवाल बुकात नोंद होई, पण ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर त्यांच्या सगळ्याच लेकरांची होई असे नाही. आजी सांगायची, "मोठ्या दुष्काळात झाला", "बाबासाहेब गेले त्या वर्षी रांगत होता". मग शाळेत नाव घालताना गुरुजी पोराकडे पाहत आणि तारीख टाकत: १ जून. शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून १ जून. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे किती आहेत ते कोणत्याही कचेरीतल्या नोंदवहीत पाहा. आधार कार्डावर कित्येकांचे नुसते साल आहे, नाहीतर १ जानेवारी आहे. अशा घरातला कोणी निवडणुकीला उभा राहिला तर विरोधक म्हणणार, "याच्या जन्माचाच पत्ता नाही." हा टोमणा कोठून येतो ते आपल्याला सांगायला नको.

त्याने घाबरू नये. न कळणे आणि लपवणे या दोन गोष्टी आहेत. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण घेतो. त्यात अज्ञान हा दोष सांगितलेला नाही, जाणूनबुजून फसवणे हा सांगितला आहे. दाखल्यावर जे आहे ते शपथपत्रात लिहावे, आणि सभेत मोकळेपणाने सांगावे की ही तारीख गुरुजींनी दिलेली आहे, घरच्यांच्या आठवणीप्रमाणे वर्ष-दोन वर्षे इकडेतिकडे असेल. असे सांगणारा माणूस तारीख पाठ असलेल्या लबाडापेक्षा अधिक खरा आहे. कुमारकाश्यपाची उपसंपदा झाली तेव्हा त्याची वीस वर्षे जन्मापासून मोजली तर भरत नव्हती, गर्भापासून मोजली तर भरत होती. शंका आली, ती उघड विचारली गेली, आणि गर्भापासून मोजण्यास अनुज्ञा मिळाली. मोजण्याची रीत सैल असू शकते. पण ती सर्वांसमोर ठरली, कोणी गुपचूप ठरवली नाही.

नोकरीची वर्षे वाढावीत म्हणून ज्यांनी पोराचे वय शाळेत दोन वर्षे कमी घातले, त्यांची गोष्ट मात्र वेगळी. ते अज्ञान नव्हते. पोराचा त्यात दोष नाही, पण ते पोर मोठे होऊन उमेदवार झाले आणि त्याला खरे ठाऊक आहे, तर त्याने तरी मागच्या पिढीचे ओझे पुढे नेऊ नये.

तेव्हा येत्या निवडणुकीत विहारात किंवा समाजमंदिरात सभा झाली की हा प्रश्न विचारा, आणि सुरुवात आपल्याच समाजाच्या उमेदवारापासून करा, म्हणजे दुसऱ्याला रोख धरल्यासारखे वाटणार नाही. उत्तर "१ जून" आले तर खुशाल येऊ द्या. मग त्याचे या वेळचे शपथपत्र आणि मागच्या निवडणुकीचे शपथपत्र काढून आणा; कोणाच्याही घरातल्या कॉलेजच्या पोराला मोबाइलवर ते काढता येते. दोन्ही कागद शेजारी ठेवा. पाच वर्षांत माणूस पाचच वर्षांनी वाढला आहे ना, एवढी वजाबाकी चौथीतली पोरगी करील. ती तिलाच करायला सांगा, आणि उत्तर तिने मोठ्याने वाचावे.